ज्यांना समुद्रावाचून थडगे नाही

(धर्मग्रामाच्या ज्युबिली वर्षात, मृत भाविकांच्या स्मरणाच्या महिन्यात सभागृहात दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या निमित्ताने धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी आपल्या समितीने आम्हांस विनंती केली, व तिचा मान राखून आम्ही प्रथम कचेरीतील कपाट उघडले. धर्मगुरूला इतिहास सांगावयाचा तर त्याच्या हाताशी तीन वह्या असतात: बाप्तिस्म्याची, विवाहाची व मृतांची. पहिल्या वहीत मनुष्य येतो, दुसरीत त्याचे घर होते, तिसरीत तो जातो. ह्या तिन्ही वह्या एकीशेजारी एक ठेवून वाचू लागलो असता काही नावे पहिल्या दोहोंत आढळतात, परंतु तिसरीत आढळत नाहीत. ह्यांपैकी कित्येक कुटुंबे बिऱ्हाड हलवून अन्यत्र गेली असतील हे उघड आहे. उपनगरात मनुष्य एका जागी टिकतोच असे नाही. पण काही घरे आजही आपल्या गावठाणातच आहेत, आणि तेथील वृद्ध मंडळींस विचारले की उत्तर येते ते बहुधा असे: "ते बोटीवर होते. लढाईत बोट बुडाली."

ह्या नोंदी न करणाऱ्या पूर्वीच्या धर्मगुरूंना आम्ही बिलकूल दोष देत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे मृतांच्या वहीतील नोंद दफनविधी आटोपल्यावर करावयाची असते. ज्याचा देह हाती आला नाही त्याचे दफन झाले नाही, आणि ज्याचे दफन झाले नाही त्याची नोंद कोणत्या तारखेस व कोणत्या जागेवर करावी? वही कोरी राहिली ती निष्काळजीपणाने नव्हे, नियमाने राहिली. तथापि नियम पाळला गेला म्हणून मनुष्य विसरला जावा, हे काही आम्हांस पटत नाही. म्हणून देवळाच्या इमारतीचा, घंटेचा व वेदीचा इतिहास आज बाजूस ठेवितो. तो ह्याच पुस्तिकेत अन्यत्र आला आहे, व लिहिणाऱ्यांनी तो चांगला लिहिला आहे. आम्ही बोलणार ते एका युद्धस्मारकाविषयी. ते आपल्या धर्मग्रामात नाही, पण आपल्या वहीतील कोऱ्या जागा जेथे भरलेल्या असण्याचा संभव आहे, अशी जागा तीच.

घाटकोपर-मुलुंडकडून धीम्या लोकलने निघाले म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या अलीकडचे शेवटले स्थानक मस्जिद. तेथे पश्चिमेस उतरण्याची आपणांस सवय आहे, कारण बाजार तिकडे. पूर्वेस, गोदीच्या बाजूला, काम असल्यावाचून कोणी जात नाही. त्या पूर्वेच्या बाजूस इंडियन सेलर्स होम, म्हणजे हिंदी खलाशांचे वसतिगृह, ही संस्था आहे. तेथे पहिल्या महायुद्धातील, म्हणजे १९१४ ते १९१८ मधील, दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. ज्यांना समुद्रावाचून दुसरे थडगे नाही, अशांचे ते स्मारक होय. तेथेच १९३९ ते १९४५ च्या युद्धातील नाविकांची नामावली ग्रंथरूपाने बांधून ठेविलेली आहे. तीत त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० व व्यापारी जहाजांवरचे सुमारे ६,००० नाविक आहेत. त्याच ग्रंथाची जोड-प्रत चित्तगाव येथे, सांप्रतच्या बांगलादेशात आहे. १९४७ साली देश दुभंगला तेव्हा बोटीवरची माणसेही दोन देशांत वाटली गेली. मृतांना मात्र वाटता आले नाही, म्हणून एकच यादी दोन्ही बंदरांत राहिली.

कोणी विचारील, हे नाविक होते तरी कोण? मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर कामाची वाटणी प्रांताप्रांतांवरून ठरलेली असे. डेकवरचे खलाशी बहुधा रत्नागिरी, कुलाबा, दमण व काठेवाडकडचे. त्यांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, आणि सुकाणू धरणारा तो सुकाणी. खाली एंजिनाच्या भट्टीशी पंजाबी व पठाण आगवाले. आणि जेवणघर, स्वयंपाक व उतारूंची खिदमत बहुतेक गोमंतकीय कॅथलिकांच्या हाती, पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर तर ही जणू परंपराच होती. झाडलोट करणाऱ्यास बोटीवर तोपास म्हणत. हा शब्द ऐकून आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटते, कारण पोर्तुगीज अमदानीत तोपास म्हणजे त्यांच्या चाकरीतला एतद्देशीय ख्रिस्ती शिपाई. बंदूक जाऊन त्याच नावाच्या हाती झाडू कसा आला, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. असो. ह्या सर्वांत संख्येने मुसलमान बांधव अधिक, हे आपण मनात वागवावे. आपल्या लोकांविषयी बोलताना ती यादी केवळ आपली आहे असा कोणाचा ग्रह होऊ नये.

दोन सफरींच्या मधल्या काळात गोव्याकडच्या नाविकांचा मुक्काम धोबीतलाव, माझगाव ह्या भागांतील कुडांत असे. एकेका गावाची एकेक कूड. भिंतीशी पेट्यांची रांग, एका बाजूस गावच्या संताची वेदी, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळ. ज्यांना बिऱ्हाड करणे साधले ते पुढे उपनगरांत आले, व आपल्या गावठाणांतील मूळच्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या शेजारी राहू लागले. आपल्या धर्मग्रामात कोकणी, मराठी व गावठाणची बोली एका बाकावर बसते, त्याचे एक कारण हे आहे.

नाविकाचे सर्वस्व म्हणजे त्याची नळी. चाकरीच्या दाखल्याचा कागद खाऱ्या हवेने व दमटपणाने खराब होऊ नये म्हणून तो नळीत गुंडाळून ठेवीत. त्यावरून दाखल्यालाच नळी म्हणू लागले, व पुढे कागदाचे पुस्तक झाले तरी नाव तेच राहिले. कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, कधीपासून कधीपर्यंत, हे सारे तीत लिहिलेले असे. तीत पगाराची जी रक्कम असे ती त्याच कामाच्या गोऱ्या नाविकाच्या पगारापुढे फारच थोडी, बहुधा चौथ्या हिश्श्याच्या आसपास. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे एकावन्न हजारांहून अधिक हिंदी नाविक चाकरीस होते. इंग्लंडचे धान्य, कापूस, तेल व दारूगोळा ज्या हातांनी वाहून नेला, त्यांत सहा हातांमागे एक हात आपल्या देशाचा होता.

ते लढवय्ये नव्हते, हे ध्यानात घेतल्यावाचून ह्या स्मारकाचा अर्थ कळणार नाही. शिपाई युद्धाला जातो. नाविक कामाला जातो, आणि युद्ध त्याच्याकडे येते. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईस येणारी पी. अँड ओ. ची 'पर्शिया' ही आगबोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने इशारा न देता बुडविली. दुपारच्या जेवणाची वेळ होती. जेवणघरात वाढणारे आपले लोक हाती ताटे घेऊन उभे असतील. काही मिनिटांतच बोट पाण्याखाली गेली. ५१९ जणांपैकी ३४३ मृत्यू पावले. नाताळला पाच दिवस झाले होते. इंग्रजी पुस्तकांतून ह्या बोटीची कथा येते ती तीवरील एका लॉर्डाची व सोन्या-रत्नांची. खालच्या मजल्यावरील माणसांची कथा सांगणारे पुस्तक म्हणजे मस्जिदचे स्मारक. त्यात कथा नाही, नुसती नावे आहेत.

युद्ध आपल्या उंबऱ्यापर्यंतही आले होते. जर्मनांच्या 'वुल्फ' नामक जहाजाने १९१७ च्या आरंभी हिंदी महासागरात सुरुंग पेरले, त्यांतील काही मुंबईसमोरच. जून महिन्यात, पावसाळा लागल्यावर, 'सिटी ऑफ एक्सेटर' त्यांवर आदळून जायबंदी झाली; २३ जूनला 'मंगोलिया' ही पी. अँड ओ. ची मोठी आगबोट बुडाली व वीसांहून अधिक माणसे गेली. जून महिन्यातला आपला समुद्र कसा असतो हे किनाऱ्यावरच्यांस सांगावयास नको. आपले कोळी बांधव तेव्हा होड्या वर ओढून ठेवितात.

पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या हिंदी नाविकांची संख्या ३,४२७ सांगतात. युद्ध संपल्यावर ह्यांचे काय करावे, असा प्रश्न आला. मृतांची व्यवस्था पाहण्याकरिता १९१७ साली इंपिरियल युद्धसमाधी आयोग स्थापन झालेला होता; त्यालाच आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. त्याने पहिल्यापासूनच एक थोर तत्त्व स्वीकारले, ते असे की, हुद्दा, वर्ण व धर्म न पाहता प्रत्येक मृताचे स्मरण त्याच्या नावानिशी झाले पाहिजे. तत्त्व खरोखर सुंदर आहे. ख्रिस्ती मनुष्यास त्यात नवीन काही नाही, इतकेच. परंतु तत्त्व कागदावर व नावे दगडावर, ह्यांत अंतर पडले. लंडन येथे टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचे मोठे स्मारक १९२८ साली उघडले गेले. सुमारे १२,००० नावे तेथे आहेत. हिंदी नाविक त्याच बोटींवर, त्याच स्फोटांनी, त्याच पाण्यात बुडाले, तरी त्यांच्या नावांची सोय मुंबईस झाली. घरच्या माणसांजवळ नावे असावीत, असे ह्याचे समर्थन करता येईल, व ते अगदीच खोटे नाही. पण एका बोटीचे कप्तान व सारंग ह्यांना मरणोत्तर दोन निरनिराळ्या शहरांत उभे करावे, हे चित्र आमच्या मनास बोचते.

तरी मुंबईच्या नाविकांना नावे तरी मिळाली. बसऱ्याचे स्मारक पाहा. मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणींनी जे सोसले ते सातारा-रत्नागिरीच्या घराघरांत ठाऊक आहे. कूटच्या वेढ्यात त्या होत्या. १९२९ साली बसऱ्यास जे स्मारक झाले त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचे कोरले, आणि साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून चावडीवर वा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाट्या बसविल्या, त्यांतही तोच प्रकार: ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा आकडा ४६ आहे. आकडा वाचून छाती फुगते. परंतु ज्या आईचा मुलगा त्या ४६ मध्ये आहे तिने त्या पाटीवर बोट कोठे ठेवावे?

हे केवळ आमचे गाऱ्हाणे नव्हे. त्याच आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात स्वच्छ मान्य केले आहे की, पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः हिंदुस्थान, आफ्रिका, इजिप्त येथल्यांचे, स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. आणि आणखी निदान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नावानिशी वा मुळीच स्मरण झाले नाही. आयोगाने ह्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनंतर का होईना, वही उघडून कोऱ्या जागा पाहण्याचे धैर्य एखाद्या संस्थेने दाखविले, हे आम्हांस भूषणावह वाटते.

आणि आपण तरी काय केले? आपल्या गावठाणांत, वांद्र्यापासून पुढे कित्येक वाटांच्या तोंडाशी, १८९६ नंतरच्या प्लेगच्या दिवसांत उभारलेले क्रूस आहेत. मे महिन्यात त्यांना फुले व दिवे लागतात. भक्तीत उणे काही नाही. ह्यांतील पुष्कळांवर साल कोरलेले आहे, क्वचित बांधणाऱ्याचे नाव आहे. ज्यांच्या मरणाने क्रूस बांधावा लागला त्यांची नावे शोधू गेलात तर मिळणे कठीण. दात्याला पाटी व मृताला साल, अशी जी आपली जुनी रीत आहे तिचा विचार ज्युबिली समितीनेही करावा, अशी आमची विनंती आहे. नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी पाट्यांची जी यादी आमच्या समोर आली आहे ती आम्ही वाचली आहे, एवढेच येथे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाकडे वळू. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटताच हिंदी नाविकांनी इंग्लंडच्या व इतर बंदरांत बोटीवर चढण्याचे नाकारले. मागणी अशी की, पगार वाढवा व लढाईच्या धोक्याचा भत्ता द्या. ह्याबद्दल शेकडो जणांना परमुलखातील तुरुंगांत जावे लागले. शेवटी काही वाढ मिळाली. हे सांगण्याचे कारण असे की, ही माणसे अजाणतेपणाने समुद्रावर गेली, असे कोणी समजू नये. काय होणार आहे ते त्यांना ठाऊक होते. घरी तोंडे खाणारी होती, म्हणून गेली.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' ही बोट अटलांटिक महासागरात बुडविली गेली. बॉम्बवर्षावापासून वाचवावीत म्हणून इंग्लंडातील ९० मुले तिच्यावरून कानडास पाठविली जात होती. त्यांतील ७७ मृत्यू पावली. सारे जग त्या मुलांसाठी रडले, आणि ते योग्यच झाले. त्याच रात्री बोटीवरचे शंभराच्या आसपास हिंदी नाविकही गेले. गरम देशातली माणसे, अंगात सुती कपडे, व उत्तर समुद्रातील वारा! एका होडीत ४६ जण आठ दिवस तरंगत राहिले व अखेर सापडले. त्यांत सहा मुले होती, आणि बहुसंख्य हिंदी नाविक होते.

दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९४२ रोजी, ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' ही आगबोट मुंबईहून मोंबासा व दर्बानकडे निघाली. २३ तारखेस पहाटेपूर्वी जपानी पाणबुडीने तिला गाठले. बोटीवर ९५८ जण होते. २८० बुडाले, ६७८ वाचले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' ह्या लढाऊ जहाजाने चार दिवसांनी मुंबईच्या धक्क्यावर आणून उतरविले. बॅलार्ड पियरवर तेव्हा जी कुटुंबे उभी होती, त्यांतील प्रत्येकाला आपला मनुष्य सापडला नाही. हाही नोव्हेंबर महिनाच, मृतांचा महिना.

आणि १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटक पदार्थ, त्यांजवळच कापसाच्या गासड्या, व सोन्याच्या लगडी. दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. त्यांचे धक्के सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रापर्यंत पोहोचले. अग्निशामक दलाचे ६६ जवान आग विझविताना गेले. त्यांचे स्मारक आहे, व दरसाल त्या तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. ह्या मानवंदनेत रतिमात्र न्यून नसावे. पण त्या दिवशी मरणारे एकंदर ८०० ते १,३०० होते असे अंदाज आहेत. अंदाज! जी गोदी सोन्याच्या लगडी मोजून घेत होती तिला आपल्या हमालांची मोजदाद अंदाजाने करावी लागली, कारण रोजंदारीवर आलेल्याचे नाव संध्याकाळी पगार घेतानाच काय ते लागत असे.

ह्या तीन प्रसंगांवरून ध्यानात येईल की, नामावलीत नाव येणे ही केवढी गोष्ट आहे. दुसऱ्या युद्धात गेलेल्या हिंदी नाविकांची संख्या ६,६०० धरतात. त्यांच्यातील बहुतेकांची नावे त्या बांधीव ग्रंथात आली. एक सफाईदार यादी करण्यास जे लागते ते त्यांच्यापाशी होते: नळी होती, बोटीचा हजेरीपट होता, शिपिंग ऑफिसातील नोंद होती. कागदाने त्यांना वाचविले, म्हणजे जेवढे वाचविता येण्याजोगे होते तेवढे.

पण यादीत नाव असूनही मनुष्य हरवू शकतो, आणि येथे आमचा खरा विषय येतो. आपल्यात आडनावे थोडी व ती वाटून घेणारे पुष्कळ. फर्नांडिस, डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज, डिमेलो, लोबो. आणि बाप्तिस्म्याची नावे तर आणखी थोडी. एका धर्मग्रामात एकाच वेळी चार जुझे फर्नांडिस असणे ही विशेष गोष्ट नव्हे. शिवाय लिहिणारा कारकून परका. ऐकू येईल तसे इंग्रजी स्पेलिंग करणार. काही नोंदींपुढे बापाचे नाव व गाव आहे, काहींपुढे नाही. अशा नोंदीसमोर उभे राहून 'हा आमचा' असे सांगावयास घरचे पुरावे लागतात: नळी, कंपनीची तार, धक्क्यावर काढलेला फोटो, बोटीवरून आलेले पत्र. आणि हे कागद कोठे आहेत? ट्रंकेत होते, चाळ पाडून इमारत झाली तेव्हा ट्रंक गेली. आजीला बोटीचे नाव येत होते; आजी गेली.

ह्या अनिश्चिततेचा भार कोणी उचलला, हे आम्ही धर्मगुरू जाणतो. ज्या स्त्रीचा नवरा समुद्रावरून परत आला नाही, पण ज्याच्या मरणाचा दाखलाही आला नाही, ती विधवा की सुवासिनी? मुलकी कायदा सात वर्षे वाट पाहावयास सांगतो, व त्यानंतर मृत्यू गृहीत धरू देतो. ख्रिस्तसभेचा कायदा ह्याहून कडक आहे: नुसता काळ लोटला एवढ्यावरून पुरत नाही, साक्षी-पुरावे पाहून बिशपांची खात्री पटली पाहिजे, आणि मगच तिला पुनर्विवाहास मोकळीक. कायदा असा का आहे ते आम्ही सेमिनरीत शिकलो व ते योग्यच आहे, कारण मेलेला समजलेला मनुष्य दारात येऊन उभा राहिल्याची उदाहरणे आहेत. तरी वर्षानुवर्षे दरवाजाकडे कान लावून बसणाऱ्या, मंगळसूत्र काढावे की राहू द्यावे हे कोणालाही विचारता न येणाऱ्या त्या बायांची आठवण ठेवावी. स्मारकाच्या यादीतील एक ओळ अशा घराला सैनिकी मानवंदनेहून अधिक काही देते. ती सांगते की, आता वाट पाहू नका, प्रार्थना करा.

मृतांसाठी प्रार्थना करण्याचा जो आधार आपण पवित्र शास्त्रात दाखवितो, तोच मुळी युद्धात पडलेल्यांचा आहे. यहूदा मक्कबीने लढाईत पडलेल्या आपल्या माणसांचे देह गोळा करविले, आणि त्यांच्या पापक्षमेसाठी यरुशलेमेस अर्पण पाठविले. त्याला देह सापडले होते. आपल्याला ते सापडणार नाहीत. त्यासाठी प्रेषित योहानाने पाहिलेला तो दिवस यावा लागेल, जेव्हा समुद्रसुद्धा आपल्याजवळील मृत परत करील. तोपर्यंत आपल्या हाती आहेत ती नावे.

खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक थडगी आहेत. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात विखुरलेले देह तेथे एकत्र आणून पुरले. हिरवळ कापलेली, प्रत्येकाचा पांढरा दगड वेगळा. तेथे जो जातो तो दगडावर हात ठेवून परततो. मस्जिदला दगडावर हात ठेवता येत नाही, पण नाव वाचता येते. आम्हांस असे वाटते की, ही यादी आपण वाचली नाही तर ती दुसऱ्या कोणी वाचण्याचे कारण नाही. सरकारने आपले काम केले, आयोगाने केले, आता राहिले ते घरचे.

म्हणून ज्युबिली समितीच्या संमतीने आम्ही एक नवी वही बांधून घेतली आहे. ती मृतांच्या वहीची जागा घेणार नाही. कायद्याने घेऊही शकत नाही. तिच्यात आपल्या धर्मग्रामातील, किंवा आज येथे राहणाऱ्या कुटुंबांच्या गावाकडील, जे कोणी दोन्ही युद्धांत समुद्रावर अथवा गोदीत गेले, त्यांची नावे लिहावयाची आहेत: बाप्तिस्म्याचे नाव, बापाचे नाव, गाव, बोटीचे नाव, काम, साल, व मिळाल्यास नळीवरील क्रमांक. बोटीचे नाव ठाऊक नसेल तर ती जागा रिकामी सोडावी. साल नक्की नसेल तर 'पावसाळ्यानंतर' किंवा 'धाकट्याच्या जन्माआधी' असे जे घरात सांगतात ते तसेच लिहावे. शेजारच्या मुसलमान वा हिंदू कुटुंबातील कोणी बोटीवर गेले असल्यास व त्यांची इच्छा असल्यास त्यांचेही नाव अवश्य यावे; बोटीवर ते एकत्रच होते.

वर्षभरात जेवढी नावे जमतील, तेवढी घेऊन आपल्यातील चार तरुण मंडळी आवश्यक ती परवानगी काढून मस्जिदला जातील व नामावलीशी पडताळा पाहतील. पुढील २ नोव्हेंबरच्या मिस्सात ती नावे बाप्तिस्म्याच्या वहीप्रमाणे, पूर्ण, एकेक करून वाचली जातील. वेळ लागेल, त्या दिवशी प्रवचन होणार नाही.

वही दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत ठेविलेली असेल. ज्यांस जिने चढउतार करवत नाहीत त्या वृद्धांनी निरोप पाठवावा, आम्ही घरी येऊ. जुने कागद बाहेर द्यावयास मन घेत नसेल तर ते घरातच राहू द्यावेत. आम्ही तेथे बसून उतरून घेऊ.